तीन महाशर्यती, एक संघ : मंडळाच्या प्रदर्शनाच्या नोंदी

२८ मे २०२३, रविवार

जिरो ही इटलीची सायकल महाशर्यत आज रोममध्ये संपली. प्रिमोश रोग्लिच १४ सेकंदांनी जिंकला. तीन आठवडे, २१ टप्पे, आणि शेवटी पायात चप्पल सरकवायला लागतो तेवढा फरक.

मंडळाच्या बैठकीत ठरलं की यंदा देखाव्याशेजारी सायकल शर्यतींवर फलक-प्रदर्शन लावायचं. विषय माझ्यावर सोडला. रविवारी सिंहगड चढणारी आमची टोळी बरोबर आहेच. मी जंबो-व्हिस्मा हा डच संघ सुचवला. गेल्या वर्षी टूर द फ्रान्स त्यांची, आज जिरो त्यांची. जुलैत टूर राखली आणि सप्टेंबरात स्पेनची व्हुएल्टाही घेतली, तर एका वर्षात तिन्ही महाशर्यती एकाच संघाकडे जातील. आजवर हे कुणालाच जमलेलं नाही. अण्णा म्हणाले, "पोरी, नाही जमलं त्यांना तर आपण काय लावायचं?" मी म्हटलं, प्रयत्न कसा करतात तेच लावू.

अधिक श्रावणामुळे गणपती यंदा १९ सप्टेंबरला आहेत. व्हुएल्टा १७ला संपते. नऊ फलक करायचे. नववा शेवटपर्यंत कोरा राहणार.

३१ मे

मोन्ते लुस्सारीच्या टप्प्याचा मजकूर लिहिला. शनिवारी, २७ मेला, १८.६ किलोमीटरची एकेकट्याची घड्याळी शर्यत होती, शेवटी भिंतीसारखा चढ. रोग्लिच गेरंट थॉमसच्या २६ सेकंद मागे होता. चढावर धक्का बसून त्याची साखळी उतरली. तो उतरला, हाताने साखळी बसवली, पण इतक्या चढावर थांबलेली सायकल पुन्हा चालू करणं किती अवघड हे सिंहगडावर ज्याचा पाय टेकलाय त्याला विचारा. कडेचा एक प्रेक्षक धावला आणि त्याने मागून ढकललं. तो रोग्लिचच्या स्की-उडीच्या दिवसांतला जुना सहकारी निघाला! रोग्लिच सायकलीवर येण्यापूर्वी स्की-उडी मारायचा, कनिष्ठ गटात जगज्जेत्या संघात होता. एवढं होऊनही त्याने तो टप्पा ४० सेकंदांनी घेतला.

बरोबर सात वर्षांपूर्वी, २७ मे २०१६ला, याच संघाचा स्टीव्हन क्राउसवाइक जिरोची आघाडीची गुलाबी जर्सी अंगात घालून कोले देल्लान्येल्लोचा उतार उतरत होता. वळण चुकलं आणि तो बर्फाच्या भिंतीवर आदळून उलटा झाला. जिरो गेली, शेवटी चौथा आला. दोन्ही चित्रं एकाच फलकावर घेते.

११ जून

इतिहासाचा फलक, क्रमांक २. हा सर्वांत जड गेला.

संघ १९८४चा. १९९६पासून राबोबँकेच्या नावाने धावला. २००७च्या टूरमध्ये त्यांचा मिकाएल रासमुसेन आघाडीच्या पिवळ्या जर्सीत होता, ओबिस्कच्या घाटावर टप्पा जिंकला आणि त्याच रात्री संघानेच त्याला घरी पाठवलं. उत्तेजक चाचणीसाठी आपला ठावठिकाणा कळवावा लागतो, त्याबद्दल तो खोटं बोलला होता. पुढे २०१२त लान्स आर्मस्ट्राँगचं उत्तेजकांचं सगळं प्रकरण बाहेर आल्यावर बँकेने ऑक्टोबरात प्रायोजकत्व सोडलं. २०१३ची सुरुवात संघाने 'ब्लँको' या नावाने केली. म्हणजे पांढरा, कोरा. जर्सीवर कुणाचं नाव नाही अशा संघाने पुन्हा उभं राहायचं होतं.

आमच्यातले दोघे म्हणाले, गणपतीच्या मांडवात हे कशाला? मी ठाम राहिले. डाग झाकून महत्त्वाकांक्षा सांगता येत नाही. लोकांना हे माहीत नसेल तर २०२३ची किंमतही कळणार नाही.

रॉबर्ट गेसिंक मात्र या सगळ्यातून आरपार आलेला माणूस आहे. २००७त राबोबँकेत आला आणि अजून त्याच संघात. एके काळी नेदरलँड्सला वाटायचं हा टूर जिंकेल. आज तो चढाच्या पायथ्यापर्यंत दुसऱ्यांसाठी वारा कापतो.

१८ जून

फलक ३ : १९ सप्टेंबर २०२०, ला प्लांश दे बेल फी. रोग्लिच ५७ सेकंदांनी पुढे, टूर खिशात, फक्त ३६ किलोमीटरची घड्याळी शर्यत बाकी. प्रतिस्पर्धी संघाच्या, एकवीस वर्षांच्या तादेई पोगाचारने त्याला त्या एका दुपारी १ मिनिट ५६ सेकंद मागे टाकलं. रोग्लिचचं हेल्मेट कलंडलेलं, चेहरा पांढराफटक. तरी तो थांबला आणि पोगाचारचं अभिनंदन करून मगच गेला.

मला वाटतं आजचा संघ त्या दुपारी घडला. पूर्ण टूरभर त्यांनी एकाच माणसासाठी गाडा ओढला होता, सगळ्यांत मजबूत संघ त्यांचाच होता, आणि तो एक माणूस एका दिवशी कमी पडला. २०२२त त्यांनी दोन नेते उतरवले. १३ जुलैला गालिब्येच्या चढावर रोग्लिच आणि योनास विंगेगोर यांनी पोगाचारवर आळीपाळीने हल्ले केले. एकाने सुटायचं, त्याने पाठलाग करून गाठलं की दुसऱ्याने सुटायचं. शेवटच्या ग्रानोंच्या चढावर पोगाचारचं इंधन संपलं, २ मिनिटं ५१ सेकंद गेले. रोग्लिचचा खांदा आधीच निखळलेला होता, त्याला स्वतःसाठी काहीच मिळणार नव्हतं. तरी त्याने ते केलं.

विंगेगोर आधी डेन्मार्कच्या हान्स्टहोल्म बंदरात मासळीच्या कारखान्यात काम करायचा. हे वाक्य अण्णांनी दोनदा वाचायला लावलं.

२ जुलै

काल टूर बिल्बाओहून सुटली. आज शब्दावर अडलो.

नेत्यासाठी राबणाऱ्या स्वाराला फ्रेंचमध्ये 'डोमेस्टिक' म्हणतात, म्हणजे सरळ घरगडी. मला तो शब्द फलकावर नको वाटत होता. 'सहायक' लिहिलं तर सरकारी कचेरी आठवते. 'मदतनीस' बरा, पण त्यात जीव नाही. अण्णाच म्हणाले, "नुसतं गडी लिही. शेतावर गडी असतो आणि कबड्डीत पण गडीच असतो." दोन्ही अर्थ एका शब्दात! ठरलं. फलक ५ चं शीर्षक : गडी.

एका संघात आठ जण. ते काय काय करतात याची यादी केली होती, ती फाडली. त्याऐवजी एक जाकीट टांगायचं : मागच्या खिशांत आणि पाठीत अर्ध्या लिटरच्या आठ भरलेल्या बाटल्या, चार किलो. संघाच्या गाडीपर्यंत मागे यायचं, एवढं अंगावर भरायचं आणि पळत्या घोळक्याला पुन्हा गाठून वाटायचं. दिवसातून कितीदा तरी. येणाऱ्याने जाकीट घालून बघावं.

फलकाचा मुख्य माणूस सेप कस, अमेरिकेतल्या कोलोरॅडोतल्या दुरँगोचा. रोग्लिचच्या तीन व्हुएल्टा (२०१९, २०२०, २०२१), विंगेगोरची २०२२ची टूर आणि आता जिरो, या पाचही विजयांत तो होता. उंच घाटात नेत्यापुढे शेवटपर्यंत टिकणारा गडी तोच.

१९ जुलै

काल अधिक मास लागला आणि कालच टूर फुटली. कोंब्लूच्या २२.४ किलोमीटरच्या घड्याळी शर्यतीआधी विंगेगोर आणि पोगाचारमध्ये १० सेकंद होते. संध्याकाळी १ मिनिट ४८ सेकंद झाले. आज कोल द ला लोझवर, २३०४ मीटर उंचीवर जाताना, पोगाचारने रेडिओवर सांगितलं की मी संपलो. ५ मिनिटं ४५ सेकंद गेले. एप्रिलमध्ये त्याचं मनगट मोडलं होतं, हे फलकावर लिहायचंच. हरलेल्याचं खरं कारण खाल्लं तर जिंकणाऱ्याचाही मान कमी होतो.

२४ जुलै

टूर विंगेगोरची, ७ मिनिटं २९ सेकंदांनी. दोन झाल्या. सेप कस परवा पडला, रक्ताळलेल्या चेहऱ्याने टप्पा पुरा केला, एकूण बारावा.

व्हुएल्टाला रोग्लिच आणि विंगेगोर दोघेही जाणार. कससुद्धा! वर्षातली तिसरी महाशर्यत, प्रत्येक वेळी दुसऱ्यासाठी.

६ ऑगस्ट

व्हुएल्टातला आंग्लिरूचा चढ पुठ्ठ्यात कापला. लांबी साडेबारा किलोमीटरच्या आत, चढाई सुमारे १२०० मीटर. १ किलोमीटरला १० सेंटीमीटर धरले तर चढ सव्वा मीटर लांब आणि जेमतेम १२ सेंटीमीटर उंच होतो. टेबलावर ठेवला आणि सगळे गप्प. पोरं म्हणाली, एवढाच? सगळीकडे अशा आकृत्यांची उंची ताणून दाखवतात, आपणही ताणू, असा आग्रह झाला. पण मग तो आंग्लिरू राहत नाही, कुठला तरी सुळका होतो.

शेवटी दोन्ही केलं. पुठ्ठा खऱ्या मापाचा ठेवला, आणि शेजारी सुताराकडून फळी करून घ्यायची : आडवं अंतर २ मीटर, उंची ४७ सेंटीमीटर. म्हणजे साडेतेवीस टक्के. आंग्लिरूवरचा कुएन्या लेस काब्रेस हा तुकडा इतका उभा आहे. फळीवर सायकल हाताने ढकलून वर न्यायची, एवढंच.

सायंकाळी कच्ची फळी टेकवून मीच ढकलून पाहिली. दुसऱ्या पावलाला टाच उचलली गेली आणि सायकलचं सगळं वजन दंडात आलं. ते लोक यावर बसून, पाय मारत, सोळा दिवस आधीच धावून आलेले असताना जातात.

१७ ऑगस्ट

वाईट बातमी. संघाच्या एका तरुण जर्मन स्वाराच्या जूनमधल्या चाचणीत मूत्रवर्धक सापडलं, संघाने त्याला बाजूला केलं. तो जिरोला होता. फलक २ मध्ये खाली दोन ओळी वाढवल्या. कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांना लागलं. मलाही. ज्यांच्यासाठी रात्री जागतो त्यांच्याबद्दल हे लिहिताना हात जड होतो, तरीही ते लिहिलंच पाहिजे.

पावसाने मांडवामागच्या खोलीत पाणी आलं, पुठ्ठ्याचा आंग्लिरू भिजून लोळागोळा झाला. पुन्हा कापायचा.

२६ ऑगस्ट

व्हुएल्टा सुटली. बार्सिलोनात अंधारात, मुसळधार पावसात सांघिक घड्याळी शर्यत. संघाचे सेकंद गेले. यान त्रात्निक यावेळी सुरुवातीच्या रेषेवर होता याचा आनंद. जिरोच्या आदल्या दिवशी सरावात त्याला गाडीने उडवलं होतं.

३१ ऑगस्ट

आज भलतंच झालं. खावालाम्ब्रेच्या वेधशाळेच्या चढावर कस पुढच्या फळीतून सुटून जिंकला. मागे राहिलेल्या सगळ्या दावेदारांवर अडीच मिनिटांहून जास्त. प्रतिस्पर्धी रेम्को एव्हनपूलला रोग्लिच-विंगेगोरने मागे टाकलं तो हिशेब मी लिहीत होते, आणि हा गडी एकूण यादीत दुसरा!

२ सप्टेंबर

व्हुएल्टाच्या आघाडीची लाल जर्सी कसकडे.

८ सप्टेंबर

तुर्माले. ओबिस्क, स्पांदेल आणि मग २११५ मीटरचा तुर्माले. विंगेगोर पहिला, कस दुसरा, रोग्लिच तिसरा. एव्हनपूल २७ मिनिटं मागे. त्याच ओबिस्कवरून आज हे गेले, जिथे २००७च्या टूरमध्ये रासमुसेनची पिवळी जर्सी शेवटची दिसली होती. गेसिंक आज संघात होता. त्याला काय वाटलं असेल?

एकूण यादीत पहिले तिघेही आता एकाच संघाचे. तिसरी शर्यत कोण घेणार हा प्रश्न संपला. आता प्रश्न घरातलाच आहे. मंडळात दोन तट पडलेत. एक म्हणतो, शर्यत ती शर्यत, ज्याच्या पायात जोर तो जिंकेल. दुसरा म्हणतो, ज्याच्या पाठीवरून पाच वेळा, सहा वेळा वर गेलात त्याला एकदा तरी वर घ्या. मी फलकाचं काम करणारी, मी मध्ये पडू नये. पण माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे.

१२ सप्टेंबर

सकाळी बातमी आली की त्यांचा नेथन व्हान होयडोंक बेल्जियममध्ये गाडी चालवताना अत्यवस्थ झाला आणि अपघात झाला. जुलैत टूर जिंकणाऱ्या आठांतला तो. बेखेसच्या चढावर विंगेगोरने हल्ला केला, जिंकला आणि विजय त्याला वाहिला. कसची आघाडी २९ सेकंदांवर आली. आज त्याबद्दल वाद घालावासा वाटत नाही.

१३ सप्टेंबर, रात्री उशिरा

आंग्लिरू.

शेवटच्या दोन किलोमीटरांत रोग्लिच आणि विंगेगोर पुढे गेले आणि लाल जर्सी मागे राहिली. धुक्यात. कसला कुणाचं चाक मिळालं? प्रतिस्पर्धी संघाच्या मिकेल लांडाचं. त्याच्या मागे लागून त्याने १९ सेकंदांवर नुकसान रोखलं. रोग्लिच पहिला, विंगेगोर दुसरा. आघाडी उरली ८ सेकंद.

मी फळीकडे बघत बसले होते. साडेतेवीस टक्क्यांवर कुणी कुणाला थांबू शकत नाही, हे खरं. वेग कमी केला की सायकलच उभी राहते. पण ते दोघे थांबू शकले नाहीत की थांबायचं नव्हतं, ते मला पडद्यावरून कळलं नाही, आणि तेच टोचतंय. हा संघ २०२०त एका माणसावर सगळं लावून हरला, दोन नेते करून जिंकला, आता तीन नेते झालेत आणि त्यांतला एक जण मुळात नेता व्हायला आलाच नव्हता.

अण्णा बाहेर खुर्चीवर बसले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. तरुणपणी मुंबई-पुणे शर्यतीत ते बोरघाटात एका मित्रापुढे वारा कापत गेले होते, शिंग्रोबाच्या देवळापर्यंत. तिथे पाय संपले. मित्र 'घाटाचा राजा' झाला. "मला वाईट नाही वाटलं," म्हणाले. थोड्या वेळाने, "त्याने पुण्यात उतरल्यावर मला शोधलं असतं तर बरं झालं असतं."

१४ सप्टेंबर, पोळा

आज संघाने ठरवलं : कससाठी धावायचं. रोग्लिचला ते पूर्ण पटलेलं नाही, त्याने ते लपवलंही नाही. त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचंही चूक नाही. चौथी व्हुएल्टा समोर होती, त्यासाठी वर्षभर राबला आहे. पण ला क्रूस दे लिनारेसच्या चढावर, दोन्ही वेळा, चार महाशर्यतींचा मानकरी रोग्लिच आणि दोन टूरचा मानकरी विंगेगोर कसच्या आगेमागे राहिले. टप्पा एव्हनपूलने नेला, कुणी त्याच्यामागे धावलं नाही. शेवटी कसनेच थोडा जोर काढला, आघाडी १७ सेकंद.

अण्णांच्या गावाहून फोन आला होता. बैल धुतले, शिंगं रंगवली, खांदेमळणी काल झाली. फोन ठेवून अण्णा टीव्हीसमोर येऊन बसले आणि संपेपर्यंत उठले नाहीत.

१६ सप्टेंबर

ग्वादारामात तिघांनी खांद्यावर हात टाकून रेषा ओलांडली. फलक ८ छापायला दिला. फ्लेक्सवाल्याने पहिल्यांदा 'विंगेगोर'चं 'विनेगर' केलं, रात्री दहाला पुन्हा छापून घेतलं.

१७ सप्टेंबर

माद्रिद. सेप कस पहिला, विंगेगोर १७ सेकंदांवर, रोग्लिच १ मिनिट ८ सेकंदांवर. व्हुएल्टाच्या पहिल्या तिन्ही जागा घेणारा १९६६च्या 'कास' संघानंतर हाच संघ. आणि तिन्ही महाशर्यती एका वर्षात घेणारा पहिलाच. जिरो चौदावा, टूर बारावा, व्हुएल्टा पहिला, असं कसचं वर्ष.

नववा फलक फ्लेक्सवर नको, हाताने रंगवायचा असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. पांढरा कपडा ताणून ठेवला आहे. रात्रभर बसावं लागेल.

२० सप्टेंबर

काल प्रतिष्ठापना झाली. आज पहिली पूर्ण संध्याकाळ. पुठ्ठ्याच्या आंग्लिरूसमोर लोक "एवढाच?" म्हणतात आणि फळीकडे वळल्यावर गप्प होतात. फळीपाशी रांग लागली होती. बाटल्यांचं जाकीट सर्वांत जास्त बायकांनी घालून पाहिलं. एक मावशी म्हणाल्या, "हे तर पाण्याच्या हंड्यापेक्षा हलकंय, पण हंडा घेऊन पळायला नाही लावलं कुणी."

नवव्या फलकावर लाल, गुलाबी आणि पिवळी जर्सी, खाली मोठ्या अक्षरांत तीन नावं : कस, रोग्लिच, विंगेगोर. सातवीतली एक मुलगी बराच वेळ तिथे उभी होती. फलक ५कडे गेली, परत आली.

"ताई, तिकडे लिहिलंय एका संघात आठ जण असतात. इथे तीनच आहेत."

मी चार महिने गड्यांबद्दल लिहीत होते. ब्रश धुऊन ठेवला होता तो पुन्हा काढला, स्टूल आणलं. तिने डबा धरला. बार्सिलोनाला सुटलेल्यांपैकी उरलेली पाच नावं त्याच मापाच्या अक्षरांत खाली बसवली : गेसिंक, केल्डरमन, वाल्टर, त्रात्निक, व्हान बार्ले. शेवटच्या नावाला कपडा कमी पडला, म्हणून 'बार्ले' चौकटीच्या लाकडावर आलं आहे.